अळंबीची ओळख : छायाचित्र आणि सावधगिरी
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या शिबिरात केलेले भाषण)



पावसाच्या सरी कोसळू लागल्या की रानाच्या कडेला वारुळांवर अळंबी उगवते. तिची चव आपणांस ठाऊक आहेच. परंतु त्याच दिवसांत गवताळ माळावर तिच्यासारखी दिसणारी विषारी छत्रीही उगवते. म्हणून हे दोन शब्द.

मी कलाशाखेचा पदवीधर. काही वर्षांपूर्वी हौसेने अळंबीचे छायाचित्र काढून वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना दाखविले. ते म्हणाले, "ही तर नुसती टोपी झाली. माणूस कुठे आहे?"

तेव्हापासून मी चार छायाचित्रे घेतो. पहिले परिसराचे : वारूळ, गवत की कुजका ओंडका. दुसरे छत्रीचे वरून, शेजारी नाणे ठेवून. तिसरे छत्रीखालच्या पातळ पट्ट्यांचे. चौथे बुंध्याचे, भोवतालची माती हलकेच उकरून. वारुळावरील अळंबीचा दांडा मुळासारखा लांबत जमिनीखाली वाळवीने जोपासलेल्या बुरशीपर्यंत जातो. ती उपटली की ही मुख्य खूण मातीतच राहते. बुंध्याशी पेल्यासारखे आवरण दिसले तर विशेष सावध असावे. अमानिटा या वंशातील काही जाती प्राणघातक आहेत.

एक छत्री पांढऱ्या कागदावर, पट्ट्या खाली करून, रात्रभर वाटीखाली झाकून ठेवावी. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटतो. वारुळावरील अळंबीचा ठसा फिकट गुलाबीसर असतो. माळावरील विषारी क्लोरोफायलमचा हिरवट. कोवळेपणी तिच्याही पट्ट्या पांढऱ्याच असतात, म्हणून केवळ नजरेवर विसंबू नये.

मात्र छायाचित्र हा अभ्यासाचा पुरावा आहे, खाण्याचा परवाना नव्हे. चांदीचे नाणे काळे पडणे किंवा किड्यांनी अळंबी खाल्लेली असणे, या परीक्षा निराधार आहेत. अमानिटातील घातक विष शिजवूनही नष्ट होत नाही. त्याची लक्षणे बहुधा सहा तासांनंतर दिसतात. मध्यंतरी रुग्णास बरे वाटते आणि आतून यकृत निकामी होत जाते. म्हणून शंका येताच, उलटीची वाट न पाहता, उरलेली अळंबी सोबत घेऊन रुग्णालय गाठावे.

शिक्षकांनी शाळेत अशा छायाचित्रांची स्थळ व दिनांकासह नोंदवही ठेवावी. पंचायतींनी पावसाळ्यापूर्वी या सूचना फलकावर लावाव्यात. जाणत्या वडीलधाऱ्यांचे ज्ञानही त्या वहीत उतरावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!