मृगदावातील पाळी

काशीनजीकच्या सारनाथाचे प्राचीन नाव मृगदाव, म्हणजे हरणांचे वन. पाली जातकांतील ‘निग्रोधमिग’ ही कथा काशीच्या राजाची. ७ व्या शतकात ह्युएन त्संगनेही ती येथेच नोंदवली.

राजाच्या शिकारीत रोज अनेक हरणे नाहक घायाळ होत. म्हणून दोन्ही कळपांनी पाळी ठरवली : रोज एका हरणाने आपणहून ओंडक्यावर मान ठेवायची. एकदा पाळी गाभण हरिणीवर आली. प्रसूतीपर्यंत सवलत मिळावी, ही तिची विनवणी तिच्या कळपनायकाने झिडकारली. नियमावर बोट ठेवणे सोपेच असते. दुसऱ्या कळपाचा राजा निग्रोध मात्र तिच्या जागी स्वतः जाऊन पडला. आचारी चक्रावला, या मृगाला तर राजाने अभय दिलेले! राजा धावत आला. निग्रोधाने हरिणीपासून जलचरांपर्यंत सर्वांसाठी अभय मागून घेतले.

पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. निर्भय हरणे शेते फस्त करू लागली. राजा वचन मोडेना. तेव्हा निग्रोधानेच हरणांना आवरले आणि शेतकऱ्यांना कुंपणाऐवजी पानांची खूण बांधायला सांगितले. ती दिसताच हरणे माघारी वळत.