जुन्या गाडीच्या पोटातलं घर

मागच्या वेळी आपण हिशेबाच्या वहीबद्दल बोललो होतो, आजचा विषय अगदीच वेगळा आहे. जुन्या गाडीच्या आत आपल्या हातांनी राहण्यासारखी जागा कशी करायची, ते आज सांगायचं आहे. शहरात अशा गाडीला मोटारहोम म्हणतात, कॅरॅव्हॅनही म्हणतात. राज्य सरकारने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडच्या पेपरातही दिसायला लागला. पण आमच्या गटाला पर्यटनाला जायचं नव्हतं. आम्हाला वारीला जायचं होतं, आणि मालाच्या प्रदर्शनाला गेल्यावर रात्री पाठ टेकायला जागा हवी होती.

माउलींच्या पालखीबरोबर ज्या चालल्यात त्यांना जास्त सांगायला नको. आळंदीहून निघायचं, दिवे घाट चढून सासवड, मग जेजुरी, वाल्हे, नीरा ओलांडून लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी आणि मग पंढरपूर. तीन आठवड्यांच्या आसपासचं काम. चालणं होतं हो. पण पाऊस आला की राहुटीत पाणी शिरतं, ओलं लुगडं बदलायला आडोसा नसतो, आणि रात्री उठावं लागलं तर कुठे जायचं या धास्तीने बायका संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. आमच्या दिंडीतल्या साठीच्या पुढच्या बायका एकेक करून घरी बसल्या त्या पायांमुळे नाही, या रात्रींमुळे.

गटातल्या एकीच्या भावाकडे जुनी सतरा आसनी ट्रॅव्हलर होती. इंजिन धड, आतून मात्र कुजलेली. मासिक बैठकीत ठराव करून, गटाच्या अंतर्गत कर्जातून आम्ही ती घेतली. आतलं काम करून देणाऱ्या एका कारागिराने साडेतीन लाख सांगितले. आम्ही ते नव्वद हजारांत केलं. त्यात वेल्डर आणि इलेक्ट्रिशियनची मजुरी धरली आहे, आमची धरलेली नाही. पण ती लिहून ठेवली आहे बरं का. अकरा बायका, सव्वीस दिवस, घरचं आवरून दुपारचे तीन-तीन तास. उद्या कोणी म्हणालं की बायकांनी फुकटात केलं, तर पान उघडून दाखवता येईल.

पाना हातात घेण्याआधी आरटीओत जा. गाडीच्या आरसी बुकात आसनसंख्या लिहिलेली असते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदीपेक्षा वेगळा बदल करायचा तर आधी परवानगी लागते. आम्ही वहीच्या चौकटीच्या कागदावर आराखडा काढून नेला, आणि विचारून घेतलं की काय चालेल, काय नाही. पुढची पाच आसनं पट्ट्यांसकट तशीच ठेवायची, मागची काढायची, असं ठरलं. गाडी चालू असताना कोणीही बाकावर किंवा पलंगावर बसायचं नाही. ज्यांना चालवत नाही त्यांनी पुढच्या पाच जागांवर पट्टा लावून बसायचं. गाडी भाड्याने द्यायचा मोह झाला होता, पण त्याला परवाना वेगळा, कर वेगळा. सध्या आपल्यापुरतीच.

आसनं काढताना नट गंजलेले होते. रात्री रॉकेल घालून ठेवलं, सकाळी निघाले. दोन नट मात्र शेवटी वेल्डरने कापून दिले.

आता गळती. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे घाई करू नका. छतावरून दोघींनी बादल्यांनी पाणी ओतायचं, आणि आत दोघींनी बॅटरी घेऊन बसायचं. पाणी शिरतं एका ठिकाणी आणि दिसतं दुसऱ्याच ठिकाणी. खडूने खुणा करत करत मूळ शोधावं लागतं. आमच्या गाडीत मागच्या कोपऱ्यात गळत होतं, आणि पाणी शिरत होतं मधल्या खिडकीच्या रबरातून. रबर नवं बसवलं, पत्र्याच्या सांध्यात सीलंट भरलं, वाळू दिलं आणि पुन्हा पाणी ओतलं. तीन वेळा. कोरडं राहिल्यावरच पुढचं काम. आत ओल राहिली तर वरचं सगळं प्लाय दोन पावसाळ्यांत फुगून येतं.

जमिनीवरचं जुनं प्लाय काढलं तेव्हा खाली गंज आणि चार ठिकाणी भोकं. त्यातलं एक हात जाईल एवढं. तारेच्या ब्रशने घासलं, पॉलिश पेपर मारला. भोकांवर वेल्डरकडून पत्रा लावून घेतला. मग रेड ऑक्साइडचे दोन हात, वर ऑइलपेंट. एक मावशी म्हणाल्या, "वरून प्लाय येणारच आहे, भोकं कशाला बुजवताय?" मैत्रिणींनो, 2024 च्या डिसेंबरात केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. जनरेटरचा धूर तळातल्या भोकातून आत आला होता. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. आम्ही हे बैठकीत वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्याच मावशी गाडीखाली गोधडी अंथरून, बॅटरी घेऊन भोकं शोधत होत्या. त्यांना पाचवं सापडलं.

म्हणून नियमच केला. आत माणसं झोपलेली असताना इंजिन चालू ठेवायचं नाही, जनरेटर जवळ लावायचा नाही, कितीही गारठा असला तरी शेगडी आत घ्यायची नाही, आणि एक खिडकी बोटभर उघडी.

प्लाय घेताना वर शिक्का बघा. आयएस 710 म्हणजे पाण्याला टिकणारं, मरीन म्हणतात ते. महाग आहे, पण जमिनीला तेच घ्या. दुकानदार जाड प्लाय गळ्यात मारतो. बारा मिलीमीटरचा आठ बाय चारचा तक्ता सुद्धा वीस-पंचवीस किलोचा असतो, एकोणीस मिलीमीटरचा त्याच्या दीडपट. घरात ते चालतं, गाडीत प्रत्येक किलो इंजिनाला घाटात ओढावा लागतो. जमिनीला बारा, फळ्यांना त्याहून पातळ आणि खाली लोखंडी पट्टी, एवढं पुरतं. पाण्याचंही तसंच, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. टाकी उंचावर ठेवायची नाही. ती खाली, मागच्या चाकांच्या आसाजवळ, आणि तिच्यासमोर दुसऱ्या बाजूला भांड्यांचं कपाट, म्हणजे गाडी एका अंगाला झुकत नाही.

आता मापं. आपल्या हाताने करण्याचा खरा फायदा इथे आहे. सुतारदादांनी सवयीने पलंग सहा फुटांचा आणि ओटा चौतीस इंचांचा धरला होता. आम्ही सगळ्यांना भिंतीशी उभं केलं आणि शिवणाच्या टेपने मापं घेतली. साडेपाच फुटांच्या वर एकही नाही! पलंग पाच फूट आठ इंच केले, तेवढ्यात पायाशी पिशव्यांची जागा निघाली. ओटा तीस इंचांवर आणला. बाकाची उंची ठरवायला ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनाच पाट, विटा, डबे यांच्यावर आळीपाळीने बसवून बघितलं. गादीसकट अठरा इंचांवर त्या हात न टेकता उठल्या. दाराशी लाकडी पायरी आणि धरायला नळी लावली. ही नळी वेल्डरने पत्र्याला नाही, आतल्या सांगाड्याला जोडली आहे. पत्रा वजन घेत नाही.

दिवसभर उन्हात उभी राहिली की पत्र्याची गाडी तव्यासारखी तापते. कोणी सांगेल थर्माकोल लावा. लावू नका, तो पेटतो. आम्ही चंदेरी थर असलेली फोमची शीट घेतली, घेताना तिचा कोपरा दुकानाबाहेर काडी लावून बघितला, आणि छताला बाहेरून पांढरा रंग दिला. चिकटवायचा डिंक उग्र असतो, दारं उघडी टाकून काम करा.

गाद्या काढलेल्या आसनांच्या फोमच्याच. उन्हात चार दिवस ठेवून, कापून, वर जाड सुती खोळी शिवल्या. पडदे जुन्या नऊवारीचे. कपडे बदलायच्या कोपऱ्याला दुहेरी पडदा, कारण आत दिवा लावला की एकेरी पडद्यातून सावली बाहेर दिसते. तिथेच झाकणाची बादली बसवलेली खुर्ची आहे, रात्रीपुरती. सकाळी बादली मुक्कामावरच्या शौचालयात रिकामी करून धुवायची, पाळी लावून दिली आहे. हे रेडिओवर बोलायला संकोच वाटायला नको, सगळी गाडी त्या बादलीसाठीच केली म्हटलं तरी चालेल.

गॅसवरून मात्र दोन बैठका भांडण झालं. निम्म्याजणींना शेगडी आत हवी होती. पण गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो, आणि बंद गाडीत खालीच माणसं झोपलेली. 2023 च्या ऑगस्टात मदुराईला उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वेडब्यात, चोरून आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागून नऊ माणसं गेली. शेवटी ठरलं ते असं. सिलिंडर आमच्या गाडीत चढणारच नाही, तो दिंडीच्या सामानाच्या ट्रकबरोबर येईल आणि स्वयंपाक ताडपत्रीखाली बाहेर. आतल्या ओट्यावर फक्त कापाकापी आणि वाढणं. दिव्यांची जोडणीही आम्ही स्वतः केली नाही. बारा व्होल्टची वेगळी बॅटरी, तिच्या लगतच फ्यूज, चार एलईडी दिवे, हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं आणि कुठली वायर कुठून जाते ते त्याच्याकडून काढून घेऊन दाराच्या आत चिकटवलं.

गाडीत सहाजणींची झोपायची सोय आहे. मग कोण झोपणार? कर्ज सुनांनी काढलं, हप्ते सुना भरणार, आणि वारीत झोपणार सासवा. एकजण बैठकीत उघड म्हणाली, "आमच्या नावावर कर्ज आणि आम्ही चिखलात?" तिचं चुकीचं नव्हतं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तिच्याच सासूबाईंनी सांगितलं की मी राहुटीत झोपेन, मला गाडीत नको. त्यावर तीच सून म्हणाली, तुमचं नाव पहिलं लिहा. आता ठराव असा आहे. वारीत वय आणि गुडघे बघून सहाजणी, प्रदर्शनाला मालाबरोबर जाणाऱ्या सहाजणी, आणि ज्या घरची बाई वारीत गाडीत झोपेल त्या घराने महिन्याला शंभर रुपये जास्त भरायचे. हा शेवटचा मुद्दा सगळ्यांना पटलेला नाही, पुढच्या बैठकीत परत येणार आहे.

गेल्या गुरुवारी रिकामी गाडी जेजुरीपर्यंत नेऊन आणली. सगळ्या कपाटांना बाहेरून कडी लावली होती, त्यामुळे काही पडलं नाही, पण एक बिजागरी करकरते. मंगळवारी आरटीओत तपासणी आहे. आरसी बुकात बदल चढला की विमा कंपनीला कळवायचं आणि पालखी मार्गाच्या पाससाठी अर्ज करायचा. कोणाला गाडी बघायची असेल तर रविवारी दुपारी तीननंतर ती समाजमंदिराच्या मागे उभी असते, टेप बरोबर आणा.