पाय आधी, थाप मग



धानाची कापणी आटोपली की आपल्या झाडीपट्टीत मंडया भरू लागतात आणि वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव हिंडू लागतात. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या पुष्कळांना झाडीपट्टीचे नाव प्रथम ठाऊक झाले. मला मात्र आज नाटकांविषयी बोलावयाचे नाही. आपल्याकडच्या दंडारीचे मोबाईलवर चित्रण करून मग संगणकावर त्याची जुळणी करताना, म्हणजे संकलन करताना, ज्या अडचणी येतात त्यांच्याविषयी बोलावयाचे आहे. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हापासून आपल्यातले कित्येक शिक्षक धड्यांच्या चित्रफिती स्वतः करू लागले. त्यांनाही या अडचणी ओळखीच्या वाटतील.

झाले असे. कुरखेडा तालुक्यातील एका गावी एका वृद्ध कलावंताची दंडार आम्ही रात्रभर चित्रित केली. समोर एक मोबाईल, बाजूला दुसरा, आणि ढोलकीजवळ आवाज टिपणारे लहानसे यंत्र. पुढच्या पावसाळ्यात ते गृहस्थ वारले. त्यांचा दहावीतला नातू मी तयार करून दिलेली चित्रफीत पाहून पावले शिकू लागला, आणि आठच दिवसांनी माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, “गुर्जी, आज्याचा पाय आधी पडते अन् थाप मंग येते. असा नाचलो तं लोक हासतीन ना!”

पोराचे खरे होते. मी म्हटले, त्यात काय, आवाज थोडा मागेपुढे सरकवला की झाले! सरकवला. सुरुवात चोख जुळली. पण अर्ध्या तासाने पुन्हा पाय पुढे, थाप मागे. दोन रात्री मी असाच सरकवत बसलो आणि दोन्ही रात्री फुकट गेल्या, कारण रोगच वेगळा होता.

तो रोग नीट समजून घ्या. १९३२ साली प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. त्या काळापासून बोलपटाची चित्रे सेकंदाला चोवीस या ठरलेल्या गतीने पळत आली. मोबाईल तसा बांधलेला नाही. आपण त्याला सेकंदाला तीस चित्रे घेण्यास सांगतो, आणि उजेड असेतो तो साधारण तेवढी घेतो. अंधार पडला की प्रत्येक चित्राला अधिक उजेड मिळावा म्हणून तो चित्रांची संख्या गुपचूप कमी करतो. कोणते चित्र कोणत्या क्षणाचे, याची नोंद फाईलमध्ये असते, म्हणून मोबाईलवर पाहताना सारे बरोबर दिसते. पण संकलनाचे कित्येक सॉफ्टवेअर ती नोंद बाजूला ठेवून सरसकट तीसच धरून चालतात. तासाभरात चित्रे होतात १,०८,०००. त्यांतली हजारात एकच कमी भरली तरी १०८ चित्रे गेली, म्हणजे चित्र आवाजाच्या साडेतीन सेकंदांहून अधिक पुढे धावले! धड्याच्या पाच मिनिटांच्या चित्रफितीत हे कुणाच्या ध्यानी येत नाही. दंडारीत पायाच्या ठेक्यालाच सारे महत्त्व, तेथे ते लपत नाही.

रोग ओळखण्याची एक सोपी खूण सांगतो. बोलपटवाले चित्रण सुरू होताना फळी आपटतात, ती तुम्हीही पाहिली असेल. आपल्याला फळी नको, टाळी पुरे. मात्र ती सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, सर्व मोबाईलांसमोर वाजवा. संकलनात दोन्ही टाळ्या सारख्याच अंतराने चुकल्या, तर आवाज नुसता सरकवावा. पहिली जुळली आणि शेवटची चुकली, तर गतीचा घोटाळा आहे. तेथे सरकवून भागत नाही. शेवटच्या टाळीचा कंटाळा आम्ही केला होता. पहाटे चार वाजता कुणाला टाळी आठवणार!

उपाय संकलनाच्या आधी करावा लागतो. ‘हँडब्रेक’ नावाचे एक फुकट मिळणारे साधन आहे. त्यात ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’, म्हणजे ठरलेली गती, निवडून मूळ फाईल त्यातून काढावी. जेथे चित्रे कमी भरली असतील तेथे ते आधीचेच चित्र पुन्हा ठेवते आणि वेळ राखते. मग ती फाईल संकलनास घ्यावी. समोरच्या मोबाईलचे चित्रण अशा रीतीने दुरुस्त झाले. बाजूच्या मोबाईलमधले मूळ चित्रण मात्र जागा हवी म्हणून मी आधीच पुसून बसलो होतो. त्याची आता बिघडलेली जुळणीच तेवढी शिल्लक आहे. अंधार रात्रभर कमीजास्त होत होता, त्यामुळे चूकही कोठे थोडी, कोठे फार. ती अजून पुरती निघालेली नाही.

दुसरी तक्रार शिक्षकमित्र वारंवार करतात. “पेनड्राइव्हवर काम नेले, शाळेच्या संगणकावर उघडले, तर सगळीकडे लाल पट्ट्या!” मंडळी, आपल्या सातबाऱ्यात शेत नसते, शेताचा गट नंबर असतो. संकलनाच्या प्रोजेक्ट फाईलचेही तसेच आहे. तिच्यात चित्रे नसतात. कोणती फाईल कोठे आहे, कोठून कोठवर घ्यावयाची, एवढेच टिपण असते. तुम्ही सातबारा नेला आणि शेत घरी राहिले! म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच एक फोल्डर करून चित्र, आवाज, अक्षरे सारे त्यात ठेवावे, मागाहून कशाचेही नाव बदलू नये, आणि नेताना आख्खे फोल्डर न्यावे. ‘केडेनलाईव्ह’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सारे एकत्र बांधून देण्याची सोयही आहे. जागा असूनही पेनड्राइव्ह मोठी फाईल घेत नसेल, तर तो बहुधा फॅट-३२ पद्धतीचा असतो. चार जीबीहून मोठी फाईल त्यावर मावत नाही. तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा. त्यात आधीचे सारे पुसले जाते, हे मात्र विसरू नका.

शाळेचा जुना संगणक अडखळत असेल तर ‘प्रॉक्सी’ वापरा. नाटकाची तालीम आपण साध्या कपड्यांत करतो, वेश चढतो तो प्रयोगाच्या रात्री. तसेच हे. काम हलक्या प्रतींवर चालते आणि शेवटची चित्रफीत मूळ फायलींतून निघते. मराठी अक्षरे फुटून वेलांटी भलतीकडे जात असेल तर युनिकोड टंक घ्यावा. तेवढ्यानेही न सुधारल्यास शीर्षकाचे चित्र दुसरीकडे करून आणावे.

आता कापावे कोठे? शिकण्यासाठी म्हणून दंडार ठेवावयाची असेल, तर मी म्हणेन, शक्य तो कापूच नका. हौशी संकलक दर चार सेकंदांनी चेहरा दाखवतात, मध्येच पान उलटवतात, चांदण्या पाडतात. मला ते मुळीच रुचत नाही. नातवाला चेहरा पाठ होता, त्याला पाय हवे होते. समोरचा मोबाईल डोक्यापासून पावलापर्यंत सारे दाखवील अशा अंतरावर ठेवून ते चित्रण सलग राखावे. बाजूचे चित्र घ्यायचेच झाले तर गाण्याचे कडवे संपताना घ्यावे, आणि खालचा आवाज अखंड वाहू द्यावा.

दुरुस्त केलेली चित्रफीत त्या मुलाने माझ्याच ओसरीवर लावली आणि उभा राहून पावले टाकू लागला. एका ठिकाणी थांबला, मागे नेऊन पुन्हा पाहिले, आणि हसला. “इथं आजाच चुकला होता, गुर्जी.” मी तीनदा ते ऐकले. थाप बरोबर होती, पाऊलच अर्धा ठेका उशिरा पडले होते. ते मी तसेच राहू दिले आहे. समोरच्या मोबाईलचे मूळ चित्रण आता दोन ठिकाणी आहे : एक प्रत शाळेच्या कपाटात, एक माझ्याकडे.