कायदा कुठला, कागद कुणाचा

(कनेरगाव नाका येथे केलेले भाषण)



मी मॅट्रिक. दिवसा गोदीत माल उतरवतो, रात्री कविता लिहितो. इतिहासाचा प्राध्यापक नाही. तरी घराण्याच्या इतिहासावर बोलायला इथं उभा राहिलोय, कारण याच नाक्यानं माझं एकदा थोबाड फोडलंय.

१९७२ च्या दुष्काळात माझे आजोबा या भागातून मुंबईला गेले, गोदीत लागले. मरेपर्यंत त्यांचं एकच पालुपद होतं, "आपला हाडोळा होता. इंग्रजाच्या चौऱ्याहत्तरच्या कायद्यानं आपण वतनदार." मी ते खरं धरलं. १८७४ च्या त्या वतन कायद्यात दुरुस्ती करायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं, हे आपल्यात कुणाला सांगावं लागत नाही. घेतली झेरॉक्स, गेलो एका कचेरीत. कारकून हसला. "पोरा, हा कायदा इकडं कधी नव्हताच."

हसण्याचा राग आला. पण साला बरोबर होता.

१८७४ चा कायदा मुंबई इलाख्याचा. हिंगोली निजामाच्या मुलखात. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजाम, मग हैदराबाद राज्य, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. नाक्यापलीकडं वाशीम, म्हणजे वऱ्हाड. ते १८५३ पासून इंग्रजी कारभारात, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेलं. थोडं चाललं की कायदा बदलायचा, दफ्तराची भाषा बदलायची. विटाळ तेवढा तोच. त्याला कुठला नाका अडवणार?

तर माणूस शोधण्याआधी हे विचारा की त्या साली, त्या गावात कायदा कुणाचा चालत होता. मुंबईचा १९५८ चा कनिष्ठ गाववतनं मोडणारा कायदा जुन्या मुंबई राज्यापुरता होता. इथं बघायचा तो हैदराबादचा १९५४ चा इनामं रद्द करणारा. आणि त्या मूळ कायद्यानं गावकीची, बलुत्याची इनामं बाजूलाच ठेवली होती. म्हणजे "त्या कायद्यानं आमची जमीन खाल्ली" असं कुणी छाती पिटून सांगत असेल, तर तेही तपासावं लागतं. माझ्या हाताला १९५४-५५ ची खासरा पाहणी लागलीय. पणजोबाचं नाव आहे, कब्जा दुसऱ्याचा. कुणाचा, कसा, ते अजून जुळवतोय. जुळल्याशिवाय बोंब मारणार नाही.

जुने कागद उर्दूत, साल फसली. त्यात ५९० मिळवायचे. फसली १३५२ म्हणजे १९४२-४३, कारण ते साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं. इथं चुकलात तर बाप पोराच्या आधीच मेलेला निघतो.

मुंबईतली पोरं विचारतात, कशाला ही उकराउकरी? जातीचा दाखला काढायला जा, मग कळेल. १० ऑगस्ट १९५० ला तुमचं घर कुठं होतं, असं विचारतात. त्या तारखेला अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. चाळीत जन्मलेल्या पोराला तिथून थेट या नाक्यावर यावं लागतं. आणि १९७८ साली नामांतराच्या दंगलीत मराठवाड्यात आपली घरं जाळली, तेव्हा घरातल्या पत्र्याच्या पेट्या काय शाबूत राहिल्या असतील?

पण कागद सापडला म्हणजे सत्य सापडलं, असंही नाही. तो कुणी लिहिला, कशासाठी लिहिला? शाळेच्या दाखल्यावर बघा, आपली निम्मी वस्ती १ जूनला जन्मलेली. ती मास्तरची सोय.

आता आजीचं सांगतो. आजी वाशीमकडची. तिचा बाप गावचा कोतवाल. गावातल्या जन्ममृत्यूची वर्दी द्यायची त्यानं, लिहायचं दुसऱ्यानं, कारण त्याला अक्षर येऊ दिलेलं नव्हतं. आजी म्हणते, "रझाकाराच्या धामधुमीत मी अंगावर पीत होते." म्हणजे १९४७-४८. मी कोतवाल बुकाची नक्कल काढली, तर १९४४ ची नोंद. बापाचं नाव, जात, आणि पुढं नुसतं 'मुलगी'. नाव नाही. मी लगेच शहाणपणा केला. म्हटलं, आजी, तू तीन वर्षांनी मोठी आहेस, कागद बोलतोय. ती गप्प बसली.

आठ दिवस मला चैन पडेना. नुसतं 'मुलगी' म्हणजे आजीच कशावरून? परत गेलो, मृत्यूची पानं काढली. १९४५. तोच बाप. मुलगी, वय एक वर्ष, ताप.

म्हणजे आजीचं बरोबर होतं, मीच चुकलो होतो. आणि ही वर्दीही त्यानंच दिली असणार. गावातल्या बाकीच्या मढ्यांसारखीच, आपल्या लेकीची.

आजीला वाचून दाखवलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आई सांगायची. माझ्या आधीची होती. गया नाव होतं तिचं."

मी वहीत लिहून घेतलं. गया. जन्म १९४४, मृत्यू १९४५, कोतवाल बुकावरून. नाव आजीच्या तोंडून. ऐकल्याची तारीख खाली टाकली. आजीच्या जन्माचं पान अजून मिळालेलं नाही. पुढच्या सुट्टीला परत वाशीमला जाणार आहे.