जीवशास्त्राच्या पदवीतून विद्यार्थ्याने काय मिळवावे?



वैद्यकीय प्रवेश हुकला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील अनेक घरांत बी.एस्सी.चा अर्ज नाइलाजाने भरला जातो. जीवशास्त्र म्हणजे हुकलेली डॉक्टरकी, ही समजूत पहिल्याच दिवशी मनात घर करते आणि तीन वर्षे परिभाषा पाठ करण्यात सरतात. अहिंसाधर्मी घरांपुढे आणखी एक अडचण होती, ती बेडकाच्या विच्छेदनाची. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन बंद करण्याचा निर्णय घेतला. सुरी गेली, हाताला आणि डोळ्याला शिकवायचे काय, हा प्रश्न मात्र उरला.

त्याचे उत्तर ठाण्याच्या खाडीकाठी मिळते. बांदोडकर विज्ञान महाविद्यालय तर खाडीच्या कुशीतच वसले आहे. ओहोटीच्या वेळी तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी मुळे वर आलेली दिसतात. चिखलात प्राणवायू अत्यल्प, म्हणून ही मुळे हवेतून तो घेतात. जादा मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकते. त्याचे कण पानावर नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. हे आधी पाहावे, मग पुस्तक उघडावे.

त्याहून अवघड आहे ती मोजणी. फ्लेमिंगोंचा थवा सतत हलता असतो. एक लहान गट मोजून त्याच्या पटीत साऱ्या थव्याचा अंदाज बांधावा लागतो. दोघांनी स्वतंत्रपणे मोजावे. आकडे जुळले नाहीत, तर तो फरक तारीख, वेळ आणि भरती-ओहोटीसह वहीत तसाच लिहावा. जुळवून लिहिण्याचा मोह मोठा असतो! ही खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळ क्षेत्रांच्या यादीत गेली. त्या यादीच्या निकषांत पाणपक्ष्यांची संख्याही विचारात घेतली जाते. तेथे खोटा आकडा केवळ गुणपत्रिकेपुरता राहत नाही.

कापडबाजारातील मंडळींना यात नवल वाटू नये. सतराव्या शतकात हॉलंडमधील डेल्फ्ट गावी लेवेनहूक नावाचा कापडव्यापारी होता. विद्यापीठाचे शिक्षण त्याला नव्हते. कापडाचा पोत भिंगातून पारखणाऱ्या त्या काळच्या व्यवसायातला हा माणूस स्वतः भिंगे घासू लागला आणि १६७४ मध्ये त्याला तळ्याच्या पाण्यात सूक्ष्मजीव दिसले. जे दिसले ते तो लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रांतून सुमारे पन्नास वर्षे कळवत राहिला.

सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टच्या शैक्षणिक साहाय्यात पाठ्यपुस्तकांबरोबर एखादी दुर्बीणही बसावी. आणि मूल खाडीवरून चिखलाने माखून परतले, तर घरच्यांनी रागावण्याआधी त्याची वही पाहायला मागावी.