नवरीची रंगीत तालीम
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी काही बोलकी बाई नव्हे. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण स्वयंपाकघरात आणि नात्यातल्या लग्नघरांत झाले. त्या अनुभवावरच आज ‘नवरीच्या मेकअपची ट्रायल’ या विषयावर चार शब्द सांगते.

कुणी म्हणेल, हे नवे चोचले. माझ्या लग्नात शेजारच्या वहिनींनी पावडर लावली, कुंकू रेखले, झाले! पण वहिनींना माझा चेहरा ठाऊक होता. आता सजवायला बाहेरची बाई येते, तिने आपली मुलगी पाहिलेलीही नसते. नाटक मंडळीसुद्धा रंगीत तालमीशिवाय पडदा वर करीत नाहीत. मग आपण का करावा?

आधी पैशाचे बोलू. ट्रायलचे पैसे वेगळे की पुढच्या रकमेतून वजा होणार? केशरचना आणि साडी नेसवणे त्यात धरले आहे का? काम पसंत पडले नाही तर आगाऊ रक्कम परत मिळेल का? हे तोंडी न ठेवता कागदावर घ्यावे. आणि ऐपत नसेल तर घरातल्याच कुणा हौशी मुलीकडून करवावे; तालीम मात्र तेव्हाही करावी. तिला खर्च नाही.

शालू, ब्लाऊज आणि दागिने ठरले, की लग्नाच्या महिना-दीड महिना आधीचा दिवस धरावा. त्याच्या दोन दिवस आधी, लावायचे ते सामान कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून पाहावे. खाज सुटली, लाली आली, तर ते नको. भुवया कोरणे, फेशियल हे त्याच दिवशी करू नये. तीन-चार दिवस आधी उरकावे. झटपट गोरे करणाऱ्या मलमांच्या नादी तर मुळीच लागू नये. त्यांतल्या काहींत स्टेरॉईड असते, त्याने कातडी पातळ होते. तशीच ती काळी मेंदी. खरी मेंदी लाल-तपकिरी रंगते, काळीकुट्ट नव्हे. काळ्या मेंदीत बहुधा केस रंगवायचे रसायन असते आणि त्याने हातावर फोडही येतात.

जाताना पुढून उघडणारा ब्लाऊज घालावा, म्हणजे काढताना चेहरा पुसला जात नाही. पिशवीत लग्नाचा ब्लाऊज, नथ, मुंडावळ्या आणि गजरा घ्यावा. मुंडावळ्यांखाली कुंकू झाकते का, नथ ओठाला लागून रंग पुसते का, अंबाड्याला गजऱ्याचे वजन पेलते का, हे बांधून पाहिल्याशिवाय कळत नाही. तिथेच दोन घास खावेत, पाणी प्यावे. मग तोंड न धुता चार-पाच तास घरात वावरावे. उकाड्यात आणि होमाच्या धुरात काय होईल याचा अंदाज स्वयंपाकघरात येतो.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी भाचीबरोबर मी गेले होते. मुलगी सावळी, तरतरीत. त्या बाईंनी न विचारता तिला उजळ रंग लावला. दिव्याखाली बरोबरच्या सगळ्या म्हणाल्या, “अगंबाई, काय गोरी दिसते!” भाची गप्प. मी तिला खिडकीशी नेले. उजेडात चेहरा एक रंगाचा, मान दुसऱ्या, हात तिसऱ्या! विचारले, “तुला कसे वाटते गं?” ती हळूच म्हणाली, “मावशी, मला पसंत केले ते या चेहऱ्याला पाहून नाही.”

मी बाईंना म्हटले, “ताई, हिच्याच रंगाचे लावा.” त्या कुरकुरल्या. “नवरी उजळच दिसायला हवी. फोटोत काळी आली तर मला बोल लावाल.” तेव्हा भाचीच म्हणाली, “नाही लावणार. मी सावळीच आहे.” मग जबड्याच्या कडेला तीन रंगांचे पट्टे ओढले, उजेडात पाहिले, आणि जो कातडीत मिसळून दिसेनासा झाला तो ठरवला. त्याचा नंबर लिहून घेतला. फ्लॅशचा एक आणि बिनफ्लॅशचा एक असे दोन फोटो काढले. काही पावडरी फ्लॅशमध्ये पांढऱ्या फटक दिसतात. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा समोर आमचीच मुलगी उभी होती.

भगिनींनो, लग्नाच्या सकाळी दारात पाहुणे, गुरुजींची घाई. तेव्हा कुठली मुलगी “हे नको” म्हणणार? तिला तसे म्हणता यावे, यासाठीच हा दिवस. म्हणून बरोबर एकीनेच जावे, पाच जणींनी नव्हे. आणि गेलेल्या बाईने आपले मत मागाहून सांगावे, आधी मुलीला विचारावे. सासर, साडी, जेवणावळ यांत तिचे किती ऐकले जाते ते आपल्याला ठाऊक आहे. निदान तिच्या चेहऱ्यावर तरी तिचे चालू द्यावे.