चाकांवरच्या घराचा मागचा डोळा

एस. टी.ची गाडी स्टँडात मागे घ्यायची झाली की कंडक्टर खाली उतरतो, पाठीमागे जाऊन उभा राहतो आणि त्याच्या शिटीवर ड्रायव्हर गाडी मागे घेतो, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या शिटीची आठवण मला २०२३ सालच्या मे महिन्यात साता समुद्रांपलीकडे, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात झाली. ज्या प्रसंगाने झाली तो आठवला म्हणजे आजही तळहाताला घाम येतो.

माझा धाकटा भाऊ ग्रँड रॅपिड्स या गावी असतो. कॉलेजच्या सुटीत मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याच्या दारात एक पांढरेशुभ्र, लांबलचक खोके उभे होते. त्याला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आत ओटा, शेगडी, न्हाणीघर, निजायची सोय, सारे काही. म्हणजे चाकांवरचे एक आटोपशीर बिऱ्हाडच म्हणा ना. याला स्वतःचे इंजिन नसते. पिकअप मोटारीच्या मागे जोडायचे आणि निघायचे. अशी बहुतेक बिऱ्हाडे इंडियाना राज्यात, एल्खार्ट गावाच्या आसपासच्या कारखान्यांत तयार होतात. भावाचा ट्रेलर जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. लांबी २६ फूट, रुंदी ८ फूट आणि उंची १० फुटांच्या वर. शनिवार-रविवारी मिशिगन सरोवराच्या काठी लुडिंग्टनच्या राखीव वनात नेऊन लावायचा, असा त्याचा शिरस्ता.

पुढे नेताना हा ट्रेलर गरीब गाईसारखा मागे येतो. खरी परीक्षा मागे घेताना. आपल्याकडे उसाची ट्रॉली मागे घेणारा ट्रॅक्टरवाला कधी पाहिलात का? ट्रॉलीचे बूड डावीकडे न्यायचे तर ट्रॅक्टरचे चाक आधी उजवीकडे वळवावे लागते. मी गणित शिकवतो, म्हणून एवढी पुस्ती जोडतो की हा अस्थिर समतोल आहे, तळहातावर काठी उभी धरावी तसा. पुढे जाताना वाकडेपणा आपोआप सरळ होतो. मागे येताना तो आपोआप वाढतो, आणि वेळीच आवरला नाही तर मोटार आणि ट्रेलर खटक्याच्या चाकूसारखे एकमेकांवर मिटतात. नवशिक्याला तिकडे एक युक्ती सांगतात, आणि ती फार चांगली आहे: हात चाकाच्या खालच्या बाजूला धरावा, मग हात जिकडे न्याल तिकडे ट्रेलरचे बूड जाते.

पण बूड कुठे जाते आहे हे दिसायला तर हवे! बाजूच्या दोन आरशांत ट्रेलरच्या दोन कुशी दिसतात. पाठ दिसत नाही.

त्या संध्याकाळी भाऊ ट्रेलर घराशेजारच्या पट्ट्यात मागे घेत होता आणि कंडक्टरचे काम माझ्याकडे होते. तिकडे ड्रायव्हर डाव्या बाजूला बसतो, म्हणून मी डाव्या आरशात दिसेन असा उभा राहून “येऊ दे, येऊ दे” करीत होतो. मध्येच मला वाटले की चाक फुलांच्या वाफ्यात जाते आहे. ते पाहायला मी चार पावले पुढे गेलो आणि वाकलो. वाकलो म्हणूनच ट्रेलरच्या पोटाखालून पलीकडचे दिसले. दोन गुलाबी सपाता. माझी पुतणी, वय वर्षे चार, दुसऱ्या बाजूने येऊन फरसावर रंगीत खडूने चित्र काढायला बसली होती. मी ओरडलो. मोटारीच्या काचा बंद, आतला पंखा चालू, आणि मी वाकल्यामुळे आरशात नाही. ट्रेलर हलतच होता. मी दोन्ही तळव्यांनी त्याच्या पत्र्यावर धडाधड मारले, तेव्हा तो थांबला. नंतर मी फरसावर अंतर मोजले. चार फूट.

पोरीला काही कळलेच नाही. ती म्हणाली, “काका, तुम्ही माझ्या सूर्यावर पाय दिलात.”

रात्री जेवण कुणालाच गेले नाही. भाऊ एवढेच म्हणाला, “दादा, मला काहीसुद्धा दिसलं नाही.” आणि ते अक्षरशः खरे होते.

आता आपण विचाराल, अमेरिकेत मोटारीला मागचा कॅमेरा कायद्यानेच असतो ना? असतो. त्या कायद्यामागे एक फार दुःखाची हकीकत आहे. २००२ साली न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर कॅमरॉन गुलब्रान्सन हा दोन वर्षांचा मुलगा स्वतःच्याच घराच्या दारात, स्वतःच्या वडिलांची मोटार मागे येताना तिच्याखाली सापडून गेला. वडील बालरोगतज्ज्ञ होते. त्या मुलाच्या नावाचा कायदा २००८ साली झाला, त्याचा तपशीलवार नियम २०१४ साली निघाला आणि १ मे २०१८ पासून १०,००० पौंडांपर्यंतच्या प्रत्येक नव्या मोटारीला कॅमेरा सक्तीचा झाला. मोटारीच्या पाठीमागचा १० फूट रुंद व २० फूट लांब पट्टा ड्रायव्हरला पडद्यावर दिसला पाहिजे, असा तो नियम आहे. अशा अपघातांत वर्षाला सुमारे २१० माणसे जातात, आणि त्यांतला जवळजवळ तिसरा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा असतो, असा सरकारचा त्या वेळचा अंदाज होता.

पण गंमत पाहा, किंवा दुर्दैव म्हणा. हा नियम मोटारीला आहे, ट्रेलरला नाही. ट्रेलर जोडला की मोटारीच्या कॅमेऱ्याला दिसते काय? ट्रेलरचे नाक! कायद्याने दिलेला डोळा मिटला जातो आणि त्याच वेळी पाठीमागे २६ फूट लांबीची आंधळी भिंत उभी राहते.

दुसऱ्या दिवशी भावाने कॅमेरा मागवला. घाईत मागवला, त्यामुळे पहिला फुकट गेला. तो बिनतारी होता आणि खोक्यावर त्याचा पल्ला भलामोठा लिहिला होता. पण तो पल्ला मोकळ्या मैदानातला. आमच्या कॅमेऱ्याच्या आणि पडद्याच्या मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा, फ्रिज आणि मोटारीची टपाची पाठ, एवढे सगळे आडवे येत होते. चित्र मध्येच गोठायचे. गोठलेले चित्र हे चित्र नसण्यापेक्षा वाईट, कारण ते खरे वाटते. मोकळी जागा दिसते आणि ती पाच सेकंदांपूर्वीची असते. तो आम्ही परत केला.

तारेचा कॅमेरा या बाबतीत बिनघोर. मात्र त्याची तार ट्रेलरच्या पोटाखालून, चाकांच्या आणि आसाच्या वाटेतून दूर, नळीत घालून आणायची, आणि जोडाच्या ठिकाणी सोडता-लावता येईल असा खटका ठेवायचा. ज्याची मोटार कायमची ठरलेली आहे त्याने हा खटाटोप एकदा करावा, असे माझे मत आहे. भावाची मोटार बदलत असते, म्हणून त्याने पुन्हा बिनतारीच घेतला, पण या वेळी डिजिटल, आणि जिचा अँटेना लांब तारेने ट्रेलरच्या नाकापर्यंत आणता येतो अशा जातीचा. तेवढ्याने चित्र गोठायचे थांबले.

डिजिटल चित्राला थोडा उशीर असतो, तो किती हे घरच्या घरी मोजता येते. कॅमेरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, फोनवरचे सेकंदाचे घड्याळ त्याच्यासमोर धरले आणि घड्याळ व पडदा या दोहोंचा एकच फोटो दुसऱ्या फोनने काढला. दोन्हीकडच्या आकड्यांतला फरक म्हणजे उशीर. आमचा निघाला एक-पंचमांश सेकंद. ताशी ५ मैल म्हणजे सेकंदाला सव्वासात फुटांहून थोडे अधिक. तेव्हा पडद्यावर जे दिसते त्याच्यापेक्षा ट्रेलर दीड फूट पुढे, म्हणजे मागे, आलेला असतो. भावाच्या मुद्रेवरून हे गणित त्याला आवडले नाही असे दिसले. पण तेव्हापासून तो मुंगीच्या पावलाने मागे येतो.

बसवण्याचे काम एका रविवारी केले. भोक पाडायचा विचार आला की ट्रेलरवाल्याच्या पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच हवा. या बिऱ्हाडांच्या भिंतींत लाकूड असते. एका स्क्रूच्या भोकातून पाणी शिरले तर ते आतल्या आत वर्षभर मुरते, आणि कळते तेव्हा भिंत भिजलेल्या पावासारखी झालेली असते. आम्हांला एक सोय होती. ८० इंचांहून रुंद वाहनाच्या मागच्या कपाळावर तीन तांबडे दिवे लागतात. त्यांतल्या मधल्या दिव्याची तार त्याच्यामागच्या भोकातून आलेलीच होती. दिवा काढून तिथेच कॅमेऱ्याची पट्टी आणि तिच्यावर पुन्हा दिवा बसवला. नवे मोठे भोक पाडावे लागले नाही. अलीकडच्या पुष्कळ ट्रेलरना कारखान्यातच अशी पट्टी आणि आत तार ठेवलेली असते. घेण्यापूर्वी वर पाहून घ्यावे. पाहिले नाही म्हणून उगाच ड्रिल चालवणारेही आहेत.

पट्टीखाली ब्यूटाइल रबराची चिकट फीत, स्क्रूंच्या डोक्यांवर सीलंट. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी: छपरावर वापरतात ते सीलंट पातळ, आपोआप पसरणारे असते, ते उभ्या भिंतीवर लावले तर ओघळते. भिंतीसाठी न ओघळणारे वेगळे मिळते. वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडा बंद कराव्यात, खालची थोडी मोकळी सोडावी, म्हणजे चुकून शिरलेले पाणी बाहेर पडते. हे भावाला शेजारच्या एका म्हाताऱ्या सुताराने सांगितले. मला ते आपल्या कौलारू घराच्या पन्हळीइतके शहाणपणाचे वाटले.

वीज त्या दिव्याच्याच तारेतून घेतली, मल्टीमीटरने धन-ऋण तपासून. याचा अर्थ मोटारीचे दिवे लावल्याशिवाय कॅमेरा जागा होत नाही, भरदिवसासुद्धा. मोटार आणि ट्रेलर यांच्यामधल्या सात टोकांच्या जोडात मागे येण्याच्या दिव्याचेही एक टोक असते. तिथून वीज घेतली तर मागचा गियर टाकताच चित्र येते, पण मग हमरस्त्यावर पाठीमागचे वाहन दिसत नाही. भावाला दोन्ही हवे होते. आता दिवे लावणे हे त्याचे पहिले काम असते, किल्ली फिरवण्याच्या बरोबरीचे.

पडदा सुरू झाला तेव्हा मी डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि आतून भाऊ ओरडला, “दादा, उजवीकडे कशाला गेलास?” कॅमेऱ्याचे तोंड मागे, आपले पुढे, म्हणून त्याची उजवी ती आपली डावी. आरसा ही उलटापालट आपल्याला नकळत सावरून देतो, कॅमेरा देत नाही. त्याच्या यादीत चित्र आरशासारखे फिरवण्याचा एक पर्याय असतो, तो निवडावा लागतो. हे न तपासता कुणी ट्रेलर मागे घेतला तर मुलापासून दूर जाण्याऐवजी तो मुलाकडेच वळेल.

शेवटचे काम कलाचे, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे. कॅमेरा जमिनीपासून १० फुटांवर. त्याच्या दृष्टीची खालची कड ४५ अंशांनी उतरते असे धरा. मग जमिनीवरची वस्तू १० फुटांच्या आत असेल तर दिसत नाही, आणि तीन फूट उंचीचे मूल सात फुटांच्या आत आले की त्याच्या डोक्याचा शेंडाही दिसत नाही. आमचे अंतर तर चारच फूट होते, आणि ती बसलेली होती. मी फरसावर खडूने फुटाफुटाच्या रेघा मारल्या, पुतणीच्या उंचीची बादली-झाडू अशी एक बाहुली केली, आणि ती रेघांवरून पुढे सरकवीत गेलो. पहिल्या खेपेला ती सहाव्या रेघेवर नाहीशी झाली. पडदा अगदी स्वच्छ होता. फरस, कुंपण, आकाश, सारे उत्तम. बाहुली मात्र नव्हती. भाऊ बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिला.

मग कॅमेरा खाली झुकवला, इतका की चित्राच्या तळाशी ट्रेलरचा स्वतःचा बंपर दिसू लागला. बंपर दिसला म्हणजे त्याला लागून उभे असलेलेही दिसते. रुंद नजरेचा कॅमेरा असल्याने वरच्या बाजूला रस्ताही राहिला, जरी लहान आणि कडांना वाकलेला. अशा चित्रात जवळचे दूर वाटते, हे मी भावाला बाहुली पुढेमागे करून चार वेळा दाखवले. पाचव्यांदा तो म्हणाला, “पुरे, मास्तर.”

जूनमध्ये आम्ही लुडिंग्टनला गेलो. तिथे रात्री उशिरा पोचलो, झाडांमध्ये अंधार. कॅमेऱ्याभोवतीच्या अवरक्त दिव्यांनी पडद्यावर काळेपांढरे चित्र उमटले. खांब, बाकडे, शेकोटीचे लोखंडी कडे, सगळे ओळखू आले. तरी भावाने मोटार थांबवली, बॅटरी घेऊन उतरला, ट्रेलरच्या मागे एक फेरी मारली आणि खाली वाकून पाहिले. परत येऊन काचा उघडल्या, पंखा बंद केला. मी डाव्या आरशात उभा. वहिनी पुतणीला घेऊन उजवीकडे, दिव्याच्या खांबापाशी.

“सोनू, काय करतेस?” त्याने विचारले.

“आईचा हात धरलाय,” तिकडून आवाज आला.

मग त्याने मागचा गियर टाकला.